कसंतरीच

आज दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कसं दुखतंय?" आणि मला काय काय सुचत गेलं! दाढ रात्री ठणकते, दिवसा नुसती ठसठसते, गार पाणी लागलं की सणक जाते, मध्येच कळ येते ती थेट कानापर्यंत. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. "आणखी काही?" "नाही हो, पण कसंतरीच होतंय." एवढ्या तपशिलानंतर त्यांनी मान हलवली ती या 'कसंतरीच'वर.

संध्याकाळी मैत्रिणीला पत्र लिहायला बसले. बऱ्याच वर्षांनी तिच्या आयुष्यात काही चांगलं घडलंय. 'तुझी बातमी ऐकून अनिर्वचनीय आनंद झाला' एवढं लिहिलं आणि थांबले. दाढेला चार शब्द, तेही नेमके. आणि आनंदाला हे एक भरजरी विशेषण, सत्काराच्या शालीसारखं कुणाच्याही खांद्यावर टाकता येणारं.

बरं, शब्दाचा मूळ अर्थ तसा नाहीच. निर्वचन म्हणजे शब्द फोडून अर्थ मुळापासून सांगणं. यास्काचं 'निरुक्त', वेदांतल्या शब्दांवरचा जुना ग्रंथ, तेच करतं. ज्याचं असं 'हे म्हणजे अमुक' करता येत नाही ते अनिर्वचनीय. ब्रह्म तेवढं एकच खरं मानणाऱ्या अद्वैतवाल्यांनी हा शब्द मायेला, म्हणजे जगाच्या भासाला, लावला. अंधारात दोरीच्या जागी दिसलेला साप घ्या. खरा म्हणावा, तर दिवा आणला की नाहीसा होतो. सशाच्या शिंगासारखा मुळातच नाही म्हणावा, तर आपण दचकून मागे सरलो ते कशाला? म्हणजे यात 'फार सुंदर' वगैरे काही नाही. त्यासाठी 'अवर्णनीय' आहे, तिथं शब्द कमी पडतात. इथं शब्द आहेत, पण ती गोष्टच 'आहे' आणि 'नाही' यांतल्या कुठल्या खणात बसत नाही. भाषणांतून आपण दोन्ही शब्द एकाच भावात खपवतो (मीही, कॉलेजात असताना भरपूर).

नारदभक्तिसूत्रांत प्रेमाचं स्वरूप अनिर्वचनीय म्हटलंय आणि लगेच पुढचं सूत्र येतं, 'मूकास्वादनवत्'. मुक्यानं चव घ्यावी तसं. मला ही जोडी फार आवडते. सांगता येत नाही म्हणाले, पण हात झटकून मोकळे झाले नाहीत.

आपलं घरगुती 'कसंतरीच' त्यामानानं प्रामाणिक वाटतं. ते मोठेपणाचा आव आणत नाही, आणि ऐकणारा पुढे विचारतो, "म्हणजे कसं गं?" 'अनिर्वचनीय'पुढे कुणी तसं विचारत नाही. फक्त 'कसंतरीच' आनंदाला चालत नाही, पंचाईत आहे ती एवढीच.

वाक्य खोडलं. खाली लिहिलं, 'तुझा फोन ठेवला आणि उगाचच जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तरी जरा वेळ उघडंच ठेवलं.'