ॲमस्टरडॅम ते लंडन विमानाने: त्या "तासाभरा"वर विसंबू नका

दोन एअरपोर्टमधलं अंतर सांगणाऱ्या साईट्सवर स्किपोल (ॲमस्टरडॅमचं एअरपोर्ट) ते हीथ्रो (लंडनचं) टाका, ३७० किमी आणि साधारण एक तास असं येतं. अंतर खरंय, मुंबई-कोल्हापूर रस्त्याने जेवढं तेवढंच, पण तो तास म्हणजे अंतर भागिले वेग आणि वर थोडी मिनिटं चिकटवलेली, बास. तिकिटावर अजून मजा. १० ला निघून १०:२० ला पोचणार, कारण लंडनचं घड्याळ एक तास मागे. आमच्यातला एकजण खरंच वीस मिनिटांचा प्रवास समजून सगळ्यांना सांगत सुटलेला. परतीच्या तिकिटावर तेच सव्वादोन तास दिसले तेव्हा गप्प झाला.

हवेत आपण पाऊण तासाच्या आसपासच असतो. वेळ खातं ते जमिनीवरचं, आणि त्यात सगळ्यात डोक्यात जाणारं म्हणजे पोल्डरबान. ही स्किपोलची २००३ ला सुरू झालेली रनवे, लोकवस्तीला आवाजाचा त्रास नको म्हणून टर्मिनलपासून इतकी लांब बांधलीय की विमान नुसतं चालतच राहतं, मधे हायवेवरचा पूल ओलांडतं, खालच्या गाड्या आपल्यापेक्षा जोरात पळत असतात आणि आपण पट्टा बांधून बघत बसायचं. पंधरा मिनिटं सहज. प्रत्येक वेळी हीच रनवे मिळेल असं नाही, वारा आणि वेळेवर आहे, पण मिळणारच असं धरून चला.

पलीकडे हीथ्रोला दोनच रनवे आणि दोन्ही कायम भरलेल्या, त्यामुळे एसेक्समधल्या लॅम्बर्नवर घिरट्या. उतरल्यावर पासपोर्टची रांग, ई-गेट (पासपोर्ट स्कॅन करून उघडणारी ऑटोमॅटिक दारं) भारतीय पासपोर्टला चालत नाहीत. ॲमस्टरडॅमशेजारच्या आम्स्टेलवेनहून सातला निघालेलो, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला लंडनचे बारा वाजत आलेले. म्हणजे सहा तास!!

शिवाय गेटवर केबिन बॅगेचं चाक मापाच्या बाहेर येतंय म्हणून ६५ युरो घेतले, तिकीट त्याहून स्वस्त होतं. चाकं आणि हँडल धरून माप घरीच घ्या, गेटवर वाद घालून काही होत नाही.

लंडन शहरातच जायचं असेल तर सरळ युरोस्टार ट्रेन घ्या. चारेक तास लागतात, आणि डच व ब्रिटिश दोन्ही पासपोर्ट चेकिंग ॲमस्टरडॅम सेंट्रालवरच होतं, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला उतरलं की डायरेक्ट रस्त्यावर. तासभर आधी पोचा, बुकिंग लवकर करा, उशिरा केलंत तर भाव रडवतो. शेंगेन (युरोपच्या) व्हिसावर यूकेत सोडत नाहीत, यूकेचा व्हिसा वेगळा लागतो, हे ट्रेनलाही आहेच.

विमान फक्त हीथ्रोवरून पुढे मुंबई वगैरे असेल तरच. आणि तेही एकाच तिकिटावर. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, म्हणजे परत व्हिसा आला, परत चेक-इन, आणि टर्मिनल ४ ला उतरलात तर तिथून दुसऱ्या टर्मिनलला जायला ट्रेन (ती फुकट आहे). मधे चार तास तरी ठेवा, तीनमधे होतं म्हणणाऱ्यांनी आधी ती पासपोर्टची रांग बघावी.

तरीही विमानानेच आलात तर हीथ्रोवरून शहरात जायला एलिझाबेथ लाईनची ट्रेन पकडा, कार्ड टॅप करून. पॅडिंग्टनला अर्धा तास. हीथ्रो एक्सप्रेस ट्रेन पंधरा मिनिटांत नेते पण आयत्या वेळी तिकीट काढलं तर जवळपास दुप्पट पैसे.