कीबोर्डकडे बघायचं नाही

कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर एकेक बारीक उंचवटा असतो, रेघेसारखा. दिवसदिवस कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या कितीतरी लोकांच्या तो कधी लक्षातच आलेला नसतो, आणि आला तरी असेल काहीतरी डिझाइन म्हणून सोडून देतात. पण तो डोळ्यांसाठी नाहीचे मुळी, बोटांसाठी आहे. अंगठ्याशेजारची दोन बोटं त्या दोन रेघांवर टेकली की बाकीची आपापल्या जागी बसतात, डावीकडे ए एस डी एफ, उजवीकडे जे के एल सेमीकोलन, अंगठे स्पेसबारवर, आणि त्यानंतर डोळ्यांचं कीबोर्डवर काहीही काम उरत नाही. निदान शिकवणारे तरी असं म्हणतात.

मी टच टायपिंग, म्हणजे कीबोर्डकडे न बघता सगळ्या बोटांनी टाइप करणं, शिकायला घेतलं तेव्हा मला टायपिंग येत नव्हतं अशातला भाग नाही. दोन्ही हातांची मिळून चार बोटं वापरून बऱ्यापैकी खडखडाट करत होतो. हीच तर अडचण. ज्याला काहीच येत नाही तो बापडा सांगतील तिथे बोट ठेवतो, पण ज्याचं आधीच भागतंय त्याला स्वतःहून पुन्हा लुळं व्हावं लागतं. एरवी डोळे मिटून लिहिलं असतं असं दोन ओळींचं ईमेल, त्यालाही इतका वेळ लागायचा की त्यापेक्षा फोन केलेला परवडला. (डोळे मिटून हा शब्दप्रयोग इथे जरा विनोदी आहे, कारण डोळे उघडे ठेवून कीबोर्डकडे टक लावल्याशिवाय मला तेव्हा एक अक्षर लिहिता येत नव्हतं.) आणि घाई असली की हात हमखास जुन्या वळणावर. सरावाच्या वेळी सोज्वळपणे आठही बोटं पसरून बसायचं आणि खरं काम आलं की चार बोटांनी धोपटायचं, असं दुटप्पी आयुष्य बरेच दिवस चाललं.

सराव म्हणजे काय तर ए एस डी एफ जी एफ, मग सेमीकोलन एल के जे एच जे. पुन्हा तेच. पानंच्या पानं. याला काही अर्थ नसतो हेच त्याचं वैशिष्ट्य, कारण अर्थ आला की डोकं मध्ये लुडबुड करतं, पुढचं अक्षर कुठलं याचा अंदाज बांधतं आणि बोटं त्याची वाट बघत बसतात. पुढे मग द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग हे वाक्य येतं, ज्यात इंग्रजीची सगळी २६ अक्षरं आहेत, तोपर्यंत त्या कोल्ह्याचं आणि कुत्र्याचं काय व्हायचं ते होवो असं वाटायला लागलेलं असतं.

या सगळ्यात खरे हाल करंगळीचे. आयुष्यभर जिने कधी एकटीने काम म्हणून केलं नाही तिच्यावर एकदम डावीकडे ए आणि शिफ्ट, उजवीकडे पी, सेमीकोलन, एंटर, बॅकस्पेस आणि तिथलाही शिफ्ट. कामाची ही वाटणी ज्याने केली त्याने बोटांची ताकद बघितलेली दिसत नाही. अनामिका तर त्याहून अवघड. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि आता नुसती अनामिका उचलून दाखवा. नाही उचलत. हाताच्या मागच्या बाजूला त्या बोटांच्या स्नायूंच्या दोऱ्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे शेजारच्या बोटाला धरून ठेवलं की हिला एकटीने हलता येत नाही. एस दाबायला गेलं की शेजारचं काहीतरी सोबत दाबलं जातं ते उगाच नाही. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, म्हणजे दोष माझा नसून शरीररचनेचा होता.

आता ही अक्षरं अशी विस्कटून कोणी ठेवली हा प्रश्न शिकणाऱ्या प्रत्येकाला पडतोच, आणि तोही साधारण चिडल्यावर पडतो. तर तो माणूस म्हणजे ख्रिस्तोफर शोल्स, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. त्याच्या टाइपरायटरचं पेटंट १८६८ चं, आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणलं. बटणं अशी का लावली याची एक गोष्ट सगळे सांगतात, की अक्षरं उमटवणाऱ्या आतल्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून नेहमी जोडीने येणारी अक्षरं लांब ठेवली. पण मग ई आणि आर शेजारी शेजारी कसे? इंग्रजीत ही जोडी तर पावलोपावली लागते. त्यामुळे त्या गोष्टीवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, जाणकारांचंही यावर एकमत नाहीये. पुढे १९३६ मध्ये ऑगस्ट ड्व्होराक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या रचनेचं पेटंट घेतलं, त्यात सगळे स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत. आज कुठल्याही कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ती फुकट मिळते आणि कोणी ढुंकून बघत नाही, कारण एकदा बोटांना सवय लागली की लागली, परत शून्यापासून कोण सुरू करणार. मी तर नाहीच.

मला शोल्सच्या यंत्रातली वेगळीच गोष्ट भारी वाटते. त्या पहिल्या मशीनमध्ये अक्षर खालून येऊन कागदावर आपटायचं, त्यामुळे आपण काय टाइप केलं ते लगेच दिसायचंच नाही, कागद पुढे सरकल्यावर कळायचं. म्हणजे लिहिलेलं दिसत नाही आणि दिसतात फक्त बटणं, मग लोक बटणांकडे बघणार नाहीत तर काय. अशा काळात फ्रँक मॅकगरिन नावाचा कोर्टात लघुलेखन करणारा एक माणूस सगळी बटणं पाठ करून बसला. १८८८ च्या जुलैमध्ये सिनसिनाटीला त्याची आणि लुईस ट्रॉब या दुसऱ्या टायपिस्टची जाहीर स्पर्धा झाली. ट्रॉबच्या मशीनवर कॅपिटल अक्षरांना वेगळी बटणं आणि स्मॉलला वेगळी, म्हणजे बटणांचा नुसता बाजार. मॅकगरिन जिंकला. पण गंमत पुढे आहे, स्पर्धेचे दोन भाग होते, एकात ऐकून टाइप करायचं आणि दुसऱ्यात समोरच्या कागदावरून बघून. बघून टाइप करताना ट्रॉबचा वेग पडला आणि मॅकगरिनचा उलट वाढला. साहजिक आहे, एकाची नजर कागद-बटण-कागद अशी खेपा घालत होती आणि दुसऱ्याची कागदावरून हललीच नाही.

स्पीडचं वेड असणाऱ्यांना हे फारसं आवडत नाही, पण टच टायपिंग म्हणजे स्पीड हे समीकरणच मुळात तितकंसं खरं नाही. २०१८ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या आणि केंब्रिजच्या संशोधकांनी १ लाख ६८ हजार लोकांचं टायपिंग तपासलं, तेव्हा सरासरी निघाली मिनिटाला ५२ शब्द. (यातला शब्द म्हणजे पाच ठोके, स्पेस धरून, मग तो प्रत्यक्षात लहान असो की मोठा.) आणि स्वतःच्या मनाने शिकलेले, कमी बोटं वापरणारे कितीतरी लोक रीतसर शिकलेल्यांच्या बरोबरीने चालत होते. भराभर टाइप करणाऱ्यांची खरी खूण दुसरीच निघाली, ते एक बटण पूर्ण सोडायच्या आधीच पुढचं दाबतात. मग माणसाने शिकावं कशाला? तर नजरेसाठी. बघून टाइप करणारा एक वाक्य लिहितो आणि मग मान वर करतो तेव्हा कळतं की पहिल्याच शब्दानंतर कॅप्सलॉक लागला होता. न बघणाऱ्याला चूक होतानाच दिसते. आणि मान. मानेचा फायदा कोणी सांगत नाही, पण दिवसातून शेकडो वेळा होकार दिल्यासारखी वर-खाली होणारी मान एकदम स्थिर होते, संध्याकाळी फरक कळतो.

पण सगळ्यात अजब प्रकार तो की, शिकलेलं नेमकं जातं कुठे. मला आज कोणी विचारलं की व्ही कुठे आहे, तर मला सांगता येत नाही. हात हवेत धरून व्ही असलेला एखादा शब्द खोटाखोटा टाइप करावा लागतो आणि मग कुठलं बोट हललं ते बघून उत्तर द्यावं लागतं. मला वाटायचं हे माझंच असं आहे, तर नाही, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हेच तपासून छापलंय. मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणाऱ्या लोकांना कोरा कीबोर्ड दिला आणि अक्षरं भरा म्हणाले, तर सरासरी १५ च अक्षरं बरोबर बसली. अंधारात दिव्याचं बटण हाताला बरोबर सापडतं पण ते जमिनीपासून किती उंचीवर आहे विचारलं की आपण गप्प, तसंच हे. आणि त्याच विद्यापीठातला त्याआधीचा, २०१० चा एक प्रयोग तर अफलातून आहे. लोक टाइप करत असताना कॉम्प्युटर गुपचूप स्क्रीनवर चुका घुसवायचा आणि त्यांनी केलेल्या काही खऱ्या चुका गुपचूप सुधारून दाखवायचा. स्क्रीनवर चूक दिसली की लोक म्हणायचे आमचीच, सुधारलेलं दिसलं की म्हणायचे आम्ही बरोबरच लिहिलं होतं. माणूस फसला. बोटं फसली नाहीत. खरी चूक झाली की बोटं किंचित मंदावायची, आणि कॉम्प्युटरने घुसवलेल्या चुकीचा त्यांच्यावर काही परिणाम नाही. पासवर्डचंही तेच होतं, कीबोर्डवर क्षणात टाइप होतो आणि मोबाइलवर टाकायची वेळ आली की काही म्हणजे काही आठवत नाही, आठवायचा तर बोटांनाच विचारावं लागतं.

मराठीचं सांगायचं तर बहुतेक लोक रोमन बटणं दाबून देवनागरी उमटवतात आणि त्यात चूक काही नाही, पण टच टायपिंगवर हात बसल्यावर मी इनस्क्रिप्टकडे, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी बनवलेल्या कीबोर्डच्या रचनेकडे वळलो आणि चाट पडलो. काय डोकं लावलंय. काना-मात्रा-वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे एक ठोका इकडे एक तिकडे असं आपसूक होतं. क च्याच बटणावर शिफ्ट दाबून ख, त वर थ, च वर छ, म्हणजे निम्मं पाठांतर वाचलं. इंग्रजीत उजव्या हाताच्या सगळ्यात कामसू बोटाखाली 'जे' ठेवलाय, जो क्वचितच लागतो, त्याच बटणावर इथे र आहे. मराठीत र शिवाय पान हलत नाही. पाय मोडायचं बटण डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, जोडाक्षराला ते सतत लागतं, तेही बरोबर. एकच गोष्ट जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्यांना छळते, तिथे पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती आधी दिसते. इथे बोलतो त्या क्रमाने, आधी अक्षर मग वेलांटी. हात मुरलेल्या माणसाला हे सांगून बघा, तो तुमच्याकडे अशा काही नजरेने बघेल.

बाकी आकड्यांची वरची ओळ मला अजूनही न बघता येत नाही आणि शिकायचा विचारही नाही. ५ आणि ७ च्या मध्ये कुठेतरी बोट भरकटतं, रक्कम किंवा फोन नंबर चुकला तर निस्तरत कोण बसणार, तिथे मी सरळ मान खाली घालून एका बोटाने दाबतो. टक्केवारीचं चिन्ह, कंस, तो अॅट द रेट, सगळं तसंच. ज्यांना तेही न बघता येतं अशी माणसं मी बघितलेली आहेत, त्यातली बहुतेक प्रोग्रॅमिंग करतात आणि त्यांना तो कंस मिनिटाला दहादा लागतो, मला आठवड्यातून एकदा.