चोरखिसा

लंडनला निघायच्या आदल्या रात्री बायकोने माझ्या पँटला आतून चोरखिसा शिवला. उशीच्या जुन्या अभ्र्याचं कापड, बाहेरून टाका दिसणार नाही अशी शिवण, वर टिचबटण. बटण लावून-काढून पाहिलं आणि म्हणाली, "लोक खिशात कार्ड घालून जग फिरतात."

क्रेडिट कार्ड मी कधी घेतलं नाही. त्यामागे तत्त्व वगैरे काही नाही. दुपारी झोपमोड करून फोनवर जे विकतात ते घ्यायचं नाही, एवढाच नियम. पुण्यात अडलंही नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा स्कॅन करून घेतो. शिवाय डेबिट कार्ड होतंच.

ते विमानतळावरच्या पहिल्याच मशीनने परत केलं. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड हातात येतं ते फक्त देशापुरतं चालू असतं. परदेशासाठी आपण ते स्वतः चालू करून घ्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम. नियम शहाणपणाचा आहे, माझी तक्रार नाही. ॲपमधलं एक बटण सरकवायचं. ते सरकवलं की ओटीपी येतो. माझा ओटीपी पुण्याच्या सिमवर येणार होता आणि पुण्याच्या सिमला रोमिंग नव्हतं.

"काका, माझं कार्ड न्या ना," लंडनमध्ये हॅरोला राहणारी पुतणी म्हणाली. पण तिच्या कार्डावर चहा प्यायचा म्हणजे काका कुठे, किती वाजता आणि कितीचा प्यायले हे तिला ऑफिसात बसल्या बसल्या फोनवर कळणार. नको म्हटलं. चोरखिशात पौंड होते.

सकाळी हॅरोत लाल बस आली. पाच पौंडांची नोट पुढे करून चढलो. ड्रायव्हरने काचेआडून मान हलवली. "नो कॅश, सर." जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. पीएमटीत सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घालण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण खिशात नोट आहे, चिल्लरही आहे आणि तरी खाली उतरायचं, हा प्रकार नवा होता. मागे रांगेतली आजी मोबाइल टेकवून चढून गेली.

कोपऱ्यावर एका गुजराती काकांचं दुकान होतं, दारावर ऑयस्टर कार्डाची, म्हणजे पैसे भरून बसमध्ये टेकवायच्या कार्डाची, निळी पाटी. "कॅश चलेगा?" मी विचारलं. "दौडेगा," म्हणाले. तिथे ते निळं कार्ड घेतलं, त्यात रोख भरली आणि पावणेदोन पौंडांत बसमध्ये बसायला मिळालं. त्या दिवसापासून शहराचे दोन भाग झाले, थेम्सच्या अलीकडचं-पलीकडचं नव्हे, रोख घेणारं आणि न घेणारं. कॅफेच्या दारात लोक मेनू वाचायचे, मी 'फक्त कार्ड' अशी पाटी आहे का ते वाचायचो. ब्रिटिश म्युझियम फुकट, म्हणून तिथे तीनदा गेलो. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा फक्त पाऊस होता म्हणून.

चोरखिशात एक वेगळं पाकीटही होतं. मेहुण्याने दिलेल्या वीस पौंडांच्या चार कागदी नोटा, त्याच्या जुन्या ट्रिपमधल्या उरलेल्या. काकांनी त्यातली एक उजेडात धरून परत दिली. "ये बंद हो गया." कागदी वीस पौंड ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. आता नोट प्लॅस्टिकची, तिच्यावर टर्नर हा चित्रकार. माझ्या नोटांवर होता ॲडम स्मिथ. अर्थशास्त्राचा जनक माझ्या हातात बाद झालेला! पोटात तोच जुना गोळा आला, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीचा.

पण काका म्हणाले, बँक ऑफ इंग्लंड कधीही बदलून देते, मुदत नाही. पत्ता थ्रेडनीडल स्ट्रीट. शब्दशः पाहिलं तर सुईदोरा गल्ली. बायकोला हे सांगायचंच असं ठरवून निघालो.

चोरखिशाची एक अडचण मात्र कोणी सांगत नाही: तो चारचौघांत उघडता येत नाही. माझे वडील काशीला गेले होते तेव्हा आईने त्यांच्या बंडीला असाच खिसा शिवला होता. पैसे काढायचे तर धर्मशाळेच्या खोलीला आतून कडी लावावी लागे, असं ते सांगायचे. मी बँकेच्या रांगेत शिरण्याआधी एका कॅफेच्या स्वच्छतागृहात शिरलो. कॅफे 'फक्त कार्ड'वाला, त्यामुळे बाहेर येताना काही विकत घेऊन भिडेची भरपाईही करता येईना. मग रांग, फॉर्म, पासपोर्ट. खिडकीतल्या बाईंनी ॲडम स्मिथ मोजून घेतला आणि चार टर्नर दिले. का, कुठून, इतके दिवस काय करत होतात, काही विचारलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी वेंबलीहून परत येताना कार्डात साठ पेन्स उरले होते. काकांचं दुकान दूर, पाऊस सुरू. चढलो, कार्ड टेकवलं आणि उतरायच्या तयारीत एक पाय मागे ठेवला. ड्रायव्हरने आत जा अशी खूण केली. शिल्लक कमी पडली तरी बसची एक फेरी देतात म्हणे तिथे. उरलेले पुढच्या वेळी पैसे भराल तेव्हा वळते होतात. पुढची वेळ असेल की नाही, याची चौकशी नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुतणीने गाडीने विमानतळावर सोडलं.

पुण्यात पँट धुवायला टाकताना बायकोने चोरखिशात हात घातला. निळं कार्ड निघालं.

"हे कसलं आता?"

"उधारी," म्हटलं. "एक पौंड पंधरा पेन्स."


तिने कार्ड टीव्हीशेजारी ठेवलं आणि खिसा उसवायला कात्री शोधू लागली. मी म्हटलं, राहू दे.