पिल्लू आईपासून उचललं, तिथेच प्रयोग सुरू झाला

दहा दिवसांच्या उंदराच्या पिल्लाला क्लोनिडीन (ग्रोथ हॉर्मोन उसळवणारं औषध) टोचायचं, थोड्या वेळाने रक्त घ्यायचं, त्यातलं ग्रोथ हॉर्मोन मोजायचं. कागदावर एवढंच असतं. पण आकडे हाती येतात तेव्हा औषधाऐवजी नुसतं सलाईन टोचलेला कंट्रोल गटच विस्कटलेला दिसतो. दोष बहुधा औषधाचा नसतो, सुई टोचायच्या आधी जे घडलं त्याचा असतो.

ग्रोथ हॉर्मोन सोडणाऱ्या पियूषिका ग्रंथीला मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून मुख्यतः दोन हुकूम जातात. अर्क्युएट केंद्रकातून येणारं जीएचआरएच (ग्रोथ हॉर्मोन सोडायला लावणारं हॉर्मोन) म्हणतं ‘सोड’. मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या भिंतीलगतच्या चेतापेशींतून येणारं सोमॅटोस्टॅटिन म्हणतं ‘थांब’. सोमॅटोस्टॅटिन 1973 साली हायपोथॅलॅमसमध्ये सापडलं. जीएचआरएच मात्र 1982 साली चक्क स्वादुपिंडाच्या गाठींतून हाती आलं, कारण हायपोथॅलॅमसमध्ये ते अगदी थोडं असतं. पोटातून येणारं घ्रेलिन 1999 मध्ये या यादीत आलं.

नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन, अ‍ॅसिटिलकोलिन ही चेतापेशींचे निरोप नेणारी रसायनं मुख्यतः या दोन हुकूमदारांच्या कानाला लागतात, पियूषिकेशी त्यांचं थेट बोलणं फारसं नसतं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. रिसर्पिन देऊन मेंदूतला त्याचा साठा रिकामा केला की उंदराच्या रक्तात ठरावीक अंतराने येणाऱ्या ग्रोथ हॉर्मोनच्या लाटा बसतात. मग अल्फा-2 ग्राहींना (ग्राही म्हणजे पेशीवर असे निरोप पकडणारी प्रथिनं) चेतवणारं क्लोनिडीन दिलं की हॉर्मोन पुन्हा उसळतं. पण आधीच जीएचआरएचविरोधी प्रतिपिंडं टोचली असतील, तर क्लोनिडीन निष्प्रभ ठरतं. म्हणजे तो निरोप जीएचआरएचमार्फतच जातो. बीटा ग्राहींचा परिणाम उलटा: ते सोमॅटोस्टॅटिन वाढवतात. त्यामुळे ‘नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ग्रोथ हॉर्मोन वाढवतं’ हे वाक्य कोणता ग्राही ते न सांगता लिहिलं, तर त्याला अर्थ नाही. अ‍ॅसिटिलकोलिन मस्करिनिक ग्राहींतून सोमॅटोस्टॅटिनचा ब्रेक सैल करतं, तोही शेवटी हॉर्मोन वाढवण्याचाच मार्ग.

पिल्लांत हे गणित वेगळं असतं. जन्मतः ग्रोथ हॉर्मोन भरपूर असतं, कारण पियूषिका जीएचआरएचला तत्पर आणि सोमॅटोस्टॅटिनला बरीचशी बहिरी असते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पातळी उतरते, आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास लाटा आकार घेऊ लागतात. प्रौढ नरात दर 3.3 तासांनी एक लाट येते, शिखर मिलिलिटरला 200 नॅनोग्रॅमच्याही वर, दरी 1 च्या आसपास. अशा वयाच्या उंदराचा एकच नमुना घेऊन सरासरी काढणं म्हणजे भरतीच्या किनाऱ्यावर एकदाच उभं राहून समुद्राची पातळी सांगणं. दहा दिवसांच्या पिल्लाला एक नमुना पुरतो, पण तिथे दुसरंच संकट उभं राहतं.

ते संकट म्हणजे आईपासूनची ताटातूट. ड्यूक विद्यापीठातल्या सॉल शानबर्ग आणि सिंथिया कून यांच्या गटाने 1978 मध्ये दाखवलं की पिल्लं आईपासून वेगळी केली की रक्तातलं ग्रोथ हॉर्मोन घसरतं, पियूषिकेचंच दुसरं हॉर्मोन प्रोलॅक्टिन मात्र जागेवर राहतं. म्हणजे ही नुसती घाबरगुंडी नव्हे. ऊब देऊन भागत नाही. ओल्या ब्रशने, आई चाटते तसं, जोरकस घासलं तर घसरण थांबते. स्पर्शाचा निरोप मेंदूतून थेट या साखळीत पोचतो.

म्हणून औषध-गटाची पिल्लं आईजवळ आणि सलाईन-गटाची ट्रेमध्ये, असं चुकूनही होऊ देऊ नका. उचलल्यापासून रक्त घेईपर्यंतचा वेळ सगळ्यांना मिनिटाबरहुकूम सारखा हवा. पिल्लं स्वतःचं तापमान सांभाळू शकत नाहीत, तेव्हा ती घरट्याएवढ्या उबेत, साधारण 34 अंशांवर ठेवा. क्लोनिडीनने अंग आणखी थंड पडतं आणि गुंगी येते, हे वेगळंच.

डोसचं गणितही चुकतं. पिल्लू 20 ग्रॅमचं आणि डोस किलोला 150 मायक्रोग्रॅम धरला, तर एकूण 3 मायक्रोग्रॅम. 0.1 मिलि टोचायचं असेल तर द्रावण मिलिला 30 मायक्रोग्रॅमचं हवं. इथे 0.01 मिलि गळलं की डोस दहा टक्क्यांनी घटतो, आणि पातळ कातडीखालून गळतंच. 30 गेजची सुई घ्या, टोचल्यावर काही सेकंद आत राहू द्या, काढताना बोटाने दाबा.

एवढ्या पिल्लात रक्त जेमतेम 1.3 मिलि असतं. पुन्हापुन्हा नमुने घ्यायची चैन नाही, म्हणून प्रत्येक वेळेसाठी वेगळी पिल्लं लागतात. ती एकाच आईची घेऊ नका. प्रत्येक विणीतली पिल्लं सगळ्या गटांत वाटा, विणीचा आकार सारखा करा, नि विश्लेषणात वीण हेच एकक धरा. पिल्लांची ही संख्या संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या अर्जात आधीच मांडावी लागते.

भूल टाळता आली तर टाळाच. उंदरात ईथर ग्रोथ हॉर्मोन पाडतं, पेंटोबार्बिटल चढवतं. शिवाय माणसावरून उंदराचा अंदाज बांधू नका: ताण किंवा रक्तातली साखर उतरणं यांनी माणसात हे हॉर्मोन वाढतं, उंदरात घटतं. लांब उपासाने मेंढीत वाढतं, उंदरात लाटाच पुसल्या जातात. आणि हॉर्मोन मोजायचं किट उंदराच्याच हॉर्मोनचं घ्या, माणसाचं चालत नाही.