कॉलेजचा आयडीपी एसटीच्या टाइमटेबलपासून सुरू करा

सध्या तालुक्याच्या छोट्या छोट्या कॉलेजांत आयडीपीची धावपळ चालू आहे. आयडीपी म्हणजे संस्थेचा विकास आराखडा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक संस्थेने तो करावा असं लिहिलंय, २०२४ मध्ये यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गाइडलाइन्स आल्या, आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या क्रायटेरियात स्ट्रॅटेजिक प्लॅन आहे का, राबवला का हे तर आधीपासूनच विचारतात. मग होतं काय, कुठल्यातरी मोठ्या ऑटोनॉमस म्हणजे स्वायत्त कॉलेजची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते, वरचं नाव बदलतं, आत इन्क्युबेशन सेंटर, पेटंट, परदेशी विद्यापीठाशी करार सगळं तसंच राहतं, महाविद्यालय विकास समितीत मंजूर होतं आणि फाईल कपाटात जाते. मी आमच्या कॉलेजात आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं काम बघते त्यामुळे हे लांबून बोलत नाहीये, आणि मला मनापासून वाटतं की हा आराखडा छोट्या कॉलेजला जगवू शकतो, फक्त तो आपल्या पोरांकडे बघून केलेला पाहिजे.

कारण आव्हान खरं आहे. धोरण म्हणतं २०४० पर्यंत प्रत्येक संस्थेने बहुविद्याशाखीय व्हायचं आणि ३००० किंवा जास्त विद्यार्थ्यांचं ध्येय ठेवायचं, शिवाय विद्यापीठाशी असलेली संलग्नता १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची. आता केंद्राच्याच २०१८-१९ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात बघा, १६.३ टक्के कॉलेजांत १०० पेक्षा कमी विद्यार्थी होते आणि ३००० च्या वर फक्त ४ टक्क्यांत. म्हणजे आपण नियमाला अपवाद नाही, आपणच नियम आहोत. तेव्हा "विद्यार्थीसंख्या वाढवणे" असं एका ओळीत लिहून भागत नाही, कुठून येणार ते लिहावं लागतं.

इथे एसटी येते. आमच्याकडच्या मुली बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट येतात, एफवायला म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला आल्या की पासचे पैसे सुरू. सवलत आहे, पण घरात दोन-तीन पोरं शिकत असतील तर तीही रक्कम जाणवते, आणि नेमकं याच वयात लग्नाचं बघायला सुरुवात झालेली असते. त्यात शेवटचं लेक्चर संपायच्या आधीच गावाकडची गाडी सुटत असेल तर ती मुलगी हळूहळू येणं बंद करते. आपण रजिस्टरला गैरहजर लिहितो आणि विषय संपवतो. माझं म्हणणं, आराखड्याचं पहिलं पान हेच हवं: मागच्या पाच वर्षांत कुठल्या गावातून किती मुलं-मुली आल्या, एफवायनंतर कोण गळलं, का गळलं, त्या गावची गाडी किती वाजता. ऑफिसात अॅडमिशन फॉर्म पडलेत, एनएसएसची मुलं गावोगाव जातातच, हे करायला कुठल्या कन्सल्टंटची गरज नाही. मग कॉलेज सकाळी किती वाजता भरवायचं, डेपो मॅनेजरला कुठल्या मार्गासाठी भेटायचं, विद्यार्थी निधीतून कोणाचा पास काढायचा हे निर्णय आपोआप समोर येतात. स्ट्रॅटेजी म्हणतात ती मला तरी यातच दिसते.

दुसरी गोष्ट स्टाफरूममध्ये कोणाला आवडत नाही, पण बोलायलाच हवी. वर्कलोड, म्हणजे कोणाला किती तास शिकवायला मिळतात. संलग्न कॉलेजांना नवीन धोरण २०२४-२५ पासून लागू झालं आणि मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा ऐच्छिक विषय), व्हीएससी (कौशल्याचा विषय) अशी विषयांची बास्केट भरायची वेळ आली तेव्हा बहुतेक ठिकाणी "मुलांना काय उपयोगी" याच्या आधी "कोणाचे तास कमी पडतायत" हा प्रश्न आला. ते स्वाभाविक आहे, तास गेले की पद धोक्यात येतं आणि एकदा पद गेलं की परत मिळणं किती अवघड आहे हे सगळ्यांनी पाहिलंय. निम्मे विषय तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या प्राध्यापकांवर चालतात, त्यांना मानधनही वेळेवर मिळत नाही, आणि तरी वर्गात सगळ्यात जास्त जीव तेच लावतात. पण कोण कधी रिटायर होणार ही तारीख तर आपल्याला माहीत असते ना, वय ६० ठरलेलं आहे! पुढच्या दहा वर्षांत कुठला विभाग कधी रिकामा होणार याचा तक्ता करा, त्यावरून ठरवा की नवीन धोरणातलं ऑनर्स पदवीचं चौथं वर्ष कुठल्या विषयात झेपेल आणि कुठल्यात नाही. सगळ्या विषयांत देतो म्हणणं ही त्या मुलांची फसवणूक आहे.

विनाअनुदानित कोर्सच्या फीवर सगळी गणितं मांडू नका हेही सांगते. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए हे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे गेले, राज्यात त्यांच्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा आली, आणि गावाकडच्या कितीतरी मुलांना फॉर्म कधी भरायचा होता तेच कळलं नाही. जागा रिकाम्या राहिल्या. एका निर्णयाने असं होऊ शकतं.

आता क्लस्टर, म्हणजे काही कॉलेजांनी मिळून गट करणं. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, सगळे ते उदाहरण देतात, पण ती एकाच संस्थेची आणि एकाच शहरातली कॉलेजं. आपल्या शेजारचं कॉलेज दुसऱ्या संस्थेचं, दोन्हीकडचे संस्थाचालक निवडणुकीत समोरासमोर, मग करार कसा होणार? माझ्या मते मोठ्या गोष्टीने सुरुवातच करू नये. त्यांच्याकडे भूगोलाचे चांगले सर आहेत, आमच्याकडे अकाउंटन्सीच्या मॅडम, एक ओपन इलेक्टिव्ह एकमेकांच्या मुलांना द्या. ओजेटीच्या म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाच्या चार क्रेडिटसाठी दोघंही त्याच पतसंस्थेत, त्याच साखर कारखान्यात, त्याच नगरपरिषदेत पत्रं घेऊन जातो, त्यापेक्षा एकत्र यादी करून जाऊ, तिथल्या लोकांनाही सोपं पडेल आणि मुलांना नुसता शिक्का न मिळता खरं काम मिळेल.

पुढच्या मीटिंगला मी दोनच कागद ठेवणार आहे, गाववार गळतीचा आणि रिटायरमेंटचा. आणि जुन्या मसुद्यातली इन्क्युबेशन सेंटरची, परदेशी कराराची कलमं काढून टाका असं लेखी सुचवणार आहे, त्या जागी मुलींच्या पाससाठी दरवर्षी ठरावीक रक्कम धरा म्हणून.