मातीची भट्टी: बांधली पाच दिवसात, वाळायला महिना

कुडाळजवळचं आमचं घर मातीच्या भिंतींचं, म्हणून खळ्यात भट्टीसुद्धा मातीचीच हवी होती, गोव्यातल्या पोदेरांची (पाव भाजणाऱ्यांची) असते तशी घुमटाची. जांभ्याचा चौथरा, त्यावर फायर ब्रिक (आच सोसणाऱ्या विटा), साचा म्हणून ओल्या वाळूचा ढीग करून वरून माती लिंपली (एक घमेलं चिकणमातीला अडीच घमेली वाळू, पायाने तुडवून), सगळं पाच दिवसात झालं.

आणि मग ती वाळेचना! एप्रिलच्या शेवटी बांधली ही चूकच, हवेत इतका दमटपणा की कपडे वाळत नाहीत तिथे चार इंच जाड माती काय वाळणार, त्यात वळीव आला की पळत जाऊन ताडपत्री टाका, पाऊस थांबला की लगेच काढा, नाहीतर आतच घाम धरतो. रोज सकाळी अंगठा दाबून बघायचे. बाहेरून कडक लागली म्हणून बाराव्या दिवशी न राहवून मोठी लाकडं घातली आणि तासाभरात आतून हाताएवढी खपली पडली, तोंडापासून वरपर्यंत तडा. आतल्या ओलीची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की माती फुटते. रडायलाच आलं मला.

तडा बुजवून पुन्हा पहिल्यापासून. या वेळी रोज फक्त नारळाची दोन-तीन सोडणं (वरची काथ्याची सालं) जाळायची, तासभर, मग निखारे काढून तोंडाला स्टीलचं ताट लावायचं. ताटावर पाणी धरलं म्हणजे ओल आहे. अठरा दिवस पाणी धरत होतं! एकोणिसाव्या दिवशी ताट कोरडं निघालं तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं.

हां, जागेचं राहिलंच, ते खरं तर आधी. आमच्या पडवीला झावळ्यांचा मांडव होता, तो आधी काढला. भट्टी घरापासून अठरा फुटांवर, तोंड घराकडे नाही, दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ठिणग्या घराकडे येणार नाहीत अशा बाजूला. आता वर पत्रा, जवळ पाण्याच्या दोन बादल्या. राख झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढा, शेणखतावर टाकू नका, आत निखारा दुसऱ्या दिवशीपण जिवंत असतो. आणि नदीतले गोटे आत वापरू नका, ओले असले तर तापून फुटतात.

उष्णता टिकावी म्हणून तुसाचा थर सगळ्यात शेवटी दिला, भट्टी पूर्ण वाळल्यावर. पाव घालायच्या आधी चिमूटभर पीठ टाकून बघा, लगेच काळं पडलं तर भट्टी जास्त तापलीय, अजून थांबा. आमचे पहिल्या दिवशीचे बाराही पाव छान फुगले, आणि सकाळी भट्टी कोमट होती म्हणून सासूबाईंनी आत कोकमं वाळत घातली.