घड, मणी, वेल आणि तीन हजार रुपये

म्हसरूळला आमचा साक्षरता वर्ग संध्याकाळी साडेसातला भरतो. बायका दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून विरळणी, म्हणजे घडांतले जादा मणी काढायचं काम, करून आलेल्या असतात, डोळे मिटत असतात. शिकवणाऱ्या सहाजणी: एक अंगणवाडी सेविका, दोन डी.एड.च्या मुली, बाकी बारावी झालेल्या. मानधन कुणालाच नाही. मी झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेली, त्यामुळे या सहाजणींना तयार करणं माझ्याकडे आलं. हातात देणगीचे तीन हजार.

त्यातले चौदाशे मी पहिल्याच आठवड्यात वाया घालवले. गुळगुळीत कागदाचा, रंगीत चित्रांचा शिक्षक-प्रशिक्षण संच घेतला. त्यात प्रत्येकाची 'शिकण्याची शैली' ओळखा, कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, असं लांबलचक प्रकरण. त्याप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा आधार नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी 2008 च्या आढाव्यातच सांगितलंय. पुढे एका पानावर 'प्रगती कमी असल्यास पालकांना भेटीस बोलवा'. आमची एक डी.एड.वाली म्हणाली, "मॅडम, एकसष्टीच्या आजींचे पालक कुठून आणू?" संच मुलांच्या शाळेसाठीच होता, नाव तेवढं बदललेलं.

मग जुन्या मैत्रिणीच्या माळ्यावरून साक्षरता अभियानाच्या काळातली ट्रंक उतरवली. 1988 ला राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, त्यानंतरच्या तीन प्रवेशिका आणि शिकवणाऱ्यांची मार्गदर्शिका. कागद पिवळा, छपाई धुरकट, पण विचार पक्का: बाराखडीपासून नको, ओळखीच्या शब्दापासून सुरू करा आणि तो फोडा. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी 'विटे'सारख्या कामातल्या शब्दावरून अक्षरांकडे जायचे, तीच वाट. आम्ही विटेऐवजी घड घेतला. दोन अक्षरं, काना-मात्रा काही नाही. मग मणी, वेल.

निवड मात्र मी एकटीने केली नाही, हे बरं झालं. तीन साहित्यांतलं एकेक पान शिकवणाऱ्या ताईंना दिलं, दोन दिवसांत वर्गात घ्या म्हटलं आणि मागे वही घेऊन बसले. नोंद एकच: खडू किती मिनिटं ताईच्या हातात, किती बायकांच्या. शिकवणाऱ्यांसाठीचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ तर कुणा ताईने पुरता पाहिलाच नव्हता. सहा-सात मिनिटांचे मात्र पोळ्या लाटताना ऐकले होते.

गणिताचं साहित्य सगळ्यात फसवं. बहुतेक पानं 'दोन मणी अधिक तीन मणी'वर. आमच्या बाईला साडेतीनशे रोजाने सहा दिवसांचे किती विचारा, एकवीसशे हे तोंडावर. तिला अडतं मुकादमाची वही वाचताना. म्हणून जे पान ताईला सांगतं, 'आधी विचारा, हिशोब कसा केलात, मग तोच कागदावर मांडा', ते ठेवलं. बाकीची रद्दीत. केंद्र सरकारच्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या परीक्षेत 150 पैकी 50 गुण संख्याज्ञानाचे असतात, त्यामुळे हे टाळून चालत नाही. मोबाइलवर पैसे पाठवणं जुन्या ट्रंकेत असणार कुठून, ती दोन पानं अंगणवाडीताईंनी हाताने लिहिली.

शेवटी बावीस पानांची झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग करून. सहा प्रतींचे साडेसहाशे गेले.

मार्गदर्शिकेप्रमाणे जोडाक्षरं अगदी शेवटी. दुसऱ्याच आठवड्यात एकजण म्हणाली, "आधी द्राक्ष लिहायला शिकवा, दिवसभर तेच तर हातात असतं." ताईने पुस्तिका चाळली, माझ्याकडे पाहिलं. मी मागूनच मान हलवली. द्र आणि क्ष, दोन्ही आडमुठे. अर्धा तास गेला. तीन जणींना जमलं, एकीने घरी जाऊन चुलीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं. आता माझ्या प्रतीत त्या पानाच्या समासात पेन्सिलने लिहिलंय: मागितलं तर आधी.